घरच्या टीव्हीवर 'जूलिओ चेझारे': त्याच ओळी परत येतात तेव्हा काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: हिंदुस्थानी संगीत ऐकायची अनेक वर्षांची सवय आहे, ऑपेरा मात्र कधी पाहिला नव्हता. कुणीतरी अठराव्या शतकातल्या हॅन्डेल या संगीतकाराच्या 'जूलिओ चेझारे'ची, म्हणजे 'जूलियस सीझर'ची, ब्लू-रे दिली, इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न ऑपेरागृहाच्या २००५ सालच्या प्रयोगाची. उत्साहाने लावली आणि पाऊण तासात बंद केली. तेच चार शब्द पुन्हा पुन्हा गातात, कथा पुढे सरकत नाही, सीझरचं काम एक बाई करते, कॅमेरा सारखा चेहऱ्यावर असतो, आवाज कधी पुसट तर कधी एकदम अंगावर येतो. रेकॉर्डिंगच वाईट आहे, की बघण्यात आपली चूक होतेय?

रेकॉर्डिंग वाईट नाही. चित्रित झालेल्या बरोक, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातल्या, ऑपेरांतलं ते फार चांगलं काम आहे. तुमचीही चूक नाही. सिनेमा बघायला बसतो तसे तुम्ही बसलात, कारण समोर टीव्ही होता. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. ज्या कलाप्रकारात वेळ मुद्दाम थांबवलेला असतो तो आपण अशा चौकटीत बघतोय जिथे वेळ थांबला की हात रिमोटकडे जातो.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. गेली चोवीस वर्षं मी रंगमंचावरचे प्रयोग अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित करतो आणि त्यांचं संकलन करतो. बहुतेक संगीत नाटकं, नृत्याचे कार्यक्रम, मैफली. मधे एक हंगाम युरोपातल्या एका ऑपेरागृहात चित्रीकरणाच्या तुकडीबरोबर काढला. तिथे माझ्याकडे एकच काम होतं: खुणा केलेली स्वरलिपी समोर ठेवायची आणि कॅमेऱ्यांना पुढच्या शॉटचा आकडा आणि त्याला किती मात्रा उरल्यात ते सांगायचं. गायकीचा मी जाणकार नाही, इटालियन मला कामापुरतं कळतं. पण एखाद्या क्षणी कॅमेरा इथे का आहे आणि तिथे का नाही, हे मी पोटतिडकीने सांगू शकतो.

पहिल्यांदा त्या परत येणाऱ्या ओळींचं बघू, कारण बाकीच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच येतात.

या ऑपेरात दोन तऱ्हेचा वेळ आहे. एक रेसिटेटिव्हचा. हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, कळा दाबून वाजवायचं तंतुवाद्य) आणि एखाद-दुसरं खर्जातलं वाद्य साथीला घेऊन पात्रं बोलण्या-गाण्याच्या मधल्या सुरात भराभर संवाद म्हणतात. कीर्तनकार आख्यान पुढे नेताना ज्या सुरात बोलतो, साधारण तसं. खून, कट, भेट, फसवणूक, सगळ्या घटना इथे घडतात. मग एका पात्राच्या मनात काहीतरी इतकं भरून येतं की घड्याळ थांबतं आणि एरिया सुरू होते. एरियाचे तीन भाग. पहिल्यात दोन-चार ओळींत एक भाव, दुसऱ्यात त्याच्याविरुद्धचा किंवा त्याच्या पलीकडचा भाव, आणि मग पहिला भाग पुन्हा. याला 'दा कापो' म्हणतात, म्हणजे 'डोक्यापासून'. परत येताना गायकाने त्या ओळी नव्या हरकतींनी सजवायच्या असतात. संगीतकार त्या हरकती सहसा लिहून ठेवत नसे, गायकावर सोडत असे. गाऊन झालं की पात्र बहुतेक वेळा विंगेत जातं आणि घड्याळ पुन्हा चालू होतं.

आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. अंतऱ्याहून मुखड्यावर येणं आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याच बंदिशीची ओळ वीस वेळा ऐकताना आपण विसाव्या वेळी जास्त सावरून बसतो. फरक एवढाच की ख्याल ऐकताना आपण कथेची वाट बघत नसतो. इथे समोर राजे, राण्या, सैनिक दिसतात, म्हणून आपण कथेची वाट बघत बसतो.

तिसऱ्या अंकातली क्लिओपात्राची एरिया घ्या, 'प्यांजेरो'. ती भाऊ तोलोमेओच्या कैदेत आहे, सीझर मेला असं तिला कळलंय. पहिला भाग संथ: जीव आहे तोवर मी माझ्या नशिबाला रडेन. मधला भाग एकदम वेगात: मेले की भूत होऊन त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळेन. आणि मग पुन्हा तेच, मी रडेन. आता ते रडणं कुणाचं आहे? आत्ताच जिने सुडाची भाषा केली तिचं. ती भाषा पेलणार नाही हे उमगून ती परत रडण्यावर आलीये. शब्द तेच, बाई बदललेली. मधला भाग नीट बघितला नसेल तर परतीच्या ओळीत काहीच दिसणार नाही, हे मी खात्रीने सांगतो.

त्याहून सुंदर जागा दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आहे आणि मैफल ऐकणाऱ्याला ती चटकन कळेल. क्लिओपात्रा 'लिडिया' नावाची दासी बनून सीझरला भुलवायला बसली आहे. मूळ संहितेत हा देखावा पार्नासस पर्वताचा आहे, नऊ कलादेवता बसलेल्या. हॅन्डेलने वादकांचे दोन गट केलेत. एक खाली पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, आणि दुसरा रंगमंचावरच्या देखाव्याचा भाग म्हणून. त्या छोट्या गटात हार्प आहे, थिऑर्बो नावाचं लांब मानेचं तंतुवाद्य आहे, व्हिओला दा गाम्बा हे गजाने वाजवायचं वाद्य आहे. क्लिओपात्रा 'व्ह आदोरो पुपिल्ले' गाते: तुझ्या डोळ्यांची मी पूजा करते. पहिला भाग होतो, मधला भाग होतो, आता परतायचं. इतक्यात सीझरला राहवत नाही आणि तो मधेच बोलून जातो की स्वर्गात इंद्राकडेसुद्धा, म्हणजे त्यांच्या ज्युपिटरकडे, अशा गाण्याच्या तोडीचे सूर नसतील. त्यानंतर ती पहिली ओळ पुन्हा घेते. रसिकाने मधेच दिलेली ती दाद आहे, हॅन्डेलने स्वरलिपीत लिहून ठेवलेली. परतीची ओळ त्या दादेला उत्तर म्हणून येते. ही जागा ज्या दिवशी मला कळली त्या दिवसापासून 'तेच तेच गातात' हे वाक्य माझ्या तोंडी पुन्हा आलं नाही.

आता कॅमेऱ्याबद्दल. चेहराच दाखवतात ही तुमची तक्रार अर्धी बरोबर आहे.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. ऑपेरागृहात कॅमेरे प्रेक्षागृहात ठरलेल्या जागी बसवतात, एखाद-दुसरा पिटच्या कडेला. दृश्यदिग्दर्शक आठवडे-आठवडे आधी स्वरलिपी घेऊन बसतो आणि कुठल्या मात्रेवर कुठला कॅमेरा ते लिहून काढतो. सरासरी दहा सेकंदांचा शॉट धरला तरी साडेतीन तासांत साडेबाराशे शॉट होतात. विक्रीसाठीच्या आवृत्तीत बहुधा एकाहून जास्त प्रयोगांचं चित्रण एकत्र करतात, त्यामुळे चुकलेली जागा दुसऱ्या रात्रीच्या चित्रणातून भरता येते.

चेहरा दाखवण्याचा मोह का होतो? कारण टीव्ही लहान असतो. बाराशे आसनांच्या ग्लाइंडबोर्नच्या नाट्यगृहात बसलेला माणूस नजर स्वतः फिरवतो. घरी त्याच्यासाठी ती आम्ही फिरवतो, आणि गाणारा चेहरा दाखवला की आपलं काही चुकलं असं कुणी म्हणत नाही. पण बरोक एरियात चेहऱ्याचा भरणा झाला की दोन गोष्टी निसटतात. ऐकणारं पात्र दिसत नाही, आणि शरीराचं वजन दिसत नाही.

पहिल्या अंकातली सीझरची 'व्हा ताचितो' बघा. शब्दांचा अर्थ: सावजाची हाव सुटलेला धूर्त शिकारी गुपचूप, दबा धरून चालतो. गातोय सीझर, समोर आहे तोलोमेओ, म्हणजे इजिप्तचा राजा टॉलेमी, ज्याने सीझरचा शत्रू पाँपे याचं मुंडकं त्याला भेट म्हणून धाडलं. दोघेही वरून अदबीने वागतायत आणि दोघेही शिकारी आहेत. सोबत एकट्या हॉर्नची साथ, आणि तो हॉर्न झडपा नसलेला, ओठांच्या आणि श्वासाच्या बळावर वाजणारा, शिकारीच्याच कुळातला. दिग्दर्शक डेव्हिड मॅकव्हिकरने हा प्रसंग दरबारी नाचासारखा बसवलाय. दोघे एकमेकांभोवती मोजून पावलं टाकतात. इथे पावलं दिसली नाहीत तर दृश्यच उरत नाही. तुम्ही ही एरिया पुन्हा लावा, आवाज बंद करून, आणि पूर्णाकृती शॉट कधी येतात तेवढं बघा. मग आवाजासकट बघा. तुमची नजर आपोआप पायांवर आणि तोलोमेओच्या मानेवर जाईल.

कट कुठे पडतो याबद्दल एक प्रसंग सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत पुण्यात एका संगीत नाटकाचं चित्रीकरण मी केलं होतं. नायिकेचं पद रंगलं होतं. मोठी तान घ्यायच्या आधी तिने श्वास घेतला आणि नेमक्या त्या वेळी मी तबल्यावर कट दिला, कारण तबलजीचा हात सुरेख पडत होता. संकलन दाखवताना त्या प्रयोगाचे ज्येष्ठ ऑर्गनवादक शेजारी बसले होते. त्यांनी टेप थांबवायला सांगितली आणि विचारलं, "तिचा श्वास कुठे गेला?" मी पुन्हा लावून बघितलं. तान होती, तबला होता, श्वास नव्हता. त्यामुळे तान कुठून आली तेच कळत नव्हतं. ते चित्रण तसंच राहिलं, कारण त्या जागेचा दुसरा शॉट माझ्याकडे नव्हता. त्याची हळहळ मला अजून आहे. तेव्हापासून गाणाऱ्याचं चित्रण बघताना मी पहिल्यांदा श्वास शोधतो. दा कापोच्या परतीला तर तो फारच मोलाचा, कारण ठरलेल्या ओळीत गायिका आता काय नवं करणार ते त्या श्वासात आधी दिसतं. ग्लाइंडबोर्नच्या या चित्रणात सारा कॉनली (सीझर) आणि पॅट्रिशिया बार्डन (पाँपेची बायको कोर्नेलिया) यांचे श्वास बऱ्याच ठिकाणी शाबूत आहेत, आणि म्हणूनच मी ते चांगलं म्हणतो. पहिल्या अंकाच्या शेवटचं कोर्नेलिया आणि सेस्तो यांचं द्वंद्वगीत, 'सोन नाता आ लाग्रिमार', हे तिथलं माझं सर्वात आवडतं. नवऱ्याचं मुंडकं पाहिलेली बाई आणि तिचा मुलगा, दोघांना वेगवेगळं नेतायत, आणि दोन आवाज एकमेकांत इतके मिसळतात की कुणाचा कुठला ते शेवटी सांगता येत नाही. तिथे मात्र चेहरे जवळून हवेतच.

उलट दूरचा शॉट कधी आला तर पुढे पळवू नका. रॉबर्ट जोन्सच्या नेपथ्यात मागे समुद्र आहे, आणि त्याच्या लाटा आडव्या दंडगोलांवर फिरतात. अठराव्या शतकातली नाट्यगृहं समुद्र असाच दाखवत. त्याच जुन्या समुद्रावर पुढे पोलादी युद्धनौका येतात आणि आकाशात झेपेलिन हे हवाई जहाज तरंगतं. जवळच्या शॉटांत हे सगळं चौकटीबाहेर जातं.

नेपथ्य आणि वेशभूषेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण आपल्यासारख्या प्रेक्षकांना इथे धरून ठेवणारं काहीतरी आहे. मॅकव्हिकरने रोमन सैन्याला इंग्रजी साम्राज्याच्या लाल डगल्यांत आणलंय. परक्या देशात उतरलेला सेनापती, भेटवस्तूंच्या थाळ्या, भाऊ-बहिणीच्या भांडणात पडून राज्य हातात घेणारा पाहुणा: हा खेळ आपल्या इतिहासात आपण दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे. शिवाय अँड्र्यू जॉर्जने बसवलेल्या नाचांत हिंदी सिनेमाच्या नाचाच्या खुणा उघड आहेत. हे उपरं वाटतं असं म्हणणारे जाणकार आहेत. मला ते पटत नाही. हॅन्डेलच्या एरियांच्या बुडाशी बहुतेक वेळा कुठलातरी नाचाचाच ठेका असतो. तो ऐकून शरीर हललं तर त्यात वावगं काय? क्लिओपात्रा झालेली डॅनिएल डी नीस तिसऱ्या अंकात 'दा तेम्पेस्ते' नाचत गाते. वादळात मोडलेलं गलबत बंदराला लागल्याचा आनंद आहे तो. त्या लांबच लांब ताना आणि पावलं एकाच वेळी चालतात. त्यात कॅमेऱ्याची चलाखी नाही. ती खरोखर एकाच दमात दोन्ही करते.

सीझर बाई का? १७२४ च्या २० फेब्रुवारीला लंडनच्या हेमार्केटमधल्या किंग्ज थिएटरात हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा सीझर सेनेसिनो या कास्त्रातो गायकाने गायला. लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे असे ते गायक. छाती आणि फुप्फुसं पुरुषाची, पट्टी स्त्रीची. वीरनायकाचा आवाज उंच असणं हीच त्या काळची रीत होती. ती क्रूर प्रथा संपली, आवाज उरले नाहीत, स्वरलिप्या उरल्या. आज त्या भूमिका एक तर मेझो, म्हणजे मधल्या पट्टीच्या, स्त्रिया गातात किंवा काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीच्या पट्टीत गाणारे, पुरुष. १९२२ साली जर्मनीत ग्योटिंगेनला हा ऑपेरा पुन्हा उभा राहिला तेव्हा सीझर खालच्या पट्टीत उतरवून बॅरिटोनला, म्हणजे भारदस्त पुरुषी आवाजाच्या गायकाला, दिला होता, आणि अनेक दशकं तसंच चाललं. मूळ पट्टीला परत यायला वेळ लागला. आणि हे लक्षात घ्या की सेस्तो हा मुलगा १७२४ च्या पहिल्याच प्रयोगात एका स्त्रीने, मार्गेरिता दुरास्तांतीने गायला होता. बालगंधर्वांच्या सिंधू आणि भामिनीवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला हे समजावून सांगावं लागू नये. कॉनलीची चाल, खांदे, तलवारीच्या मुठीवरचा हात बघा. अर्ध्या तासात प्रश्न पडायचा थांबतो.

आवाजाचं मात्र तुमच्या घरच्या साहित्यावर अवलंबून आहे, त्यामुळे इथे मी ठाम सांगू शकत नाही. कारण तेवढं समजावतो. ऑपेराच्या गायकांचा आवाज नाट्यगृहात स्पीकरवरून येत नाही. ध्वनिमुद्रणासाठीचे माइक रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणि वर टांगलेले असतात. कधी टोपात एखादा दडवतात. गायिका पाठमोरी झाली की आवाज बदलतो, बुटांचा आवाज येतो, कपड्यांची सळसळ येते. हा दोष समजू नका. त्यात वादकवृंद जुन्या पद्धतीच्या वाद्यांचा, आतड्याच्या तारांचा. असे वादकवृंद सहसा आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली लावतात, षड्जासाठी जसा आपण तंबोरा गायकाप्रमाणे उतरवतो. एकूण नाद मऊ आणि पातळ, आणि रेसिटेटिव्हला तर फक्त हार्पसिकॉर्ड-थिऑर्बो. टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला किंवा खाली तोंड करून असतात, त्यांतून हा नाद निम्मा गळून पडतो.

म्हणून डिस्कच्या मेन्यूत जाऊन साधा स्टीरिओ निवडा. पाच स्पीकर घरात नसतील तर सराउंडचा काही उपयोग नाही, उलट आवाज दबतो. टीव्हीतलं 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' बंद करा, कारण ते लहान आवाज फुगवतं आणि मोठा चेपतं, आणि तुम्हाला जाणवलेली ओढाताण बऱ्याचदा त्यातूनच येते. रेसिटेटिव्हमधलं हार्पसिकॉर्ड सहज ऐकू येईल इतका आवाज एकदा लावा आणि मग रिमोट दूर ठेवा. शेजाऱ्यांची अडचण असेल तर वायरचे हेडफोन उत्तम. ब्लूटूथचे असतील तर आवाज किंचित उशिरा येतो आणि जवळच्या शॉटमध्ये ओठ आणि शब्द जुळत नाहीत. काही टीव्हींत चित्र आणि आवाज जुळवायचा पर्याय असतो, त्याने फरक पडतो का बघा. चित्राच्या बाजूने एकच सांगतो: 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करा. रंगमंचावरच्या अंधाऱ्या दृश्यांत त्याने उजेड कमी-जास्त होत राहतो आणि प्रकाशयोजना करणाऱ्याचं सगळं काम वाया जातं.

सबटायटल्स मराठीत नाहीत, इंग्रजीवर भागवावं लागेल. परतीच्या ओळींना ती बऱ्याचदा येत नाहीत. डिस्क बिघडली असं समजू नका, शब्द तेच असल्याने मुद्दाम दिलेली नसतात, आणि तीच तुमची डोळे वर करून बघायची वेळ. वाचत ऑपेरा बघणं हे काही नवं नाही. हॅन्डेलच्या लंडनमध्ये प्रेक्षागृहातल्या मेणबत्त्या विझवत नसत. लोक समोरासमोर इटालियन आणि इंग्रजी छापलेली पुस्तिका विकत घेऊन मांडीवर ठेवत. माझा सल्ला असा की प्रत्येक अंकाचं कथानक आधी पाच मिनिटांत वाचून घ्या, म्हणजे सबटायटल्सवर नजर कमी अडकेल.

आणि सगळं एका बैठकीत बघू नका. संगीत साडेतीन तासांहून जास्त आहे. ग्लाइंडबोर्न ससेक्समध्ये, लुईस गावाजवळ, एका जुन्या घराच्या बागेत आहे. तिथे मध्यंतर दीड तासाचं असतं, लोक हिरवळीवर बसून जेवतात आणि मग उरलेला खेळ बघतात. प्रत्यक्ष नाट्यगृहातले लोक एवढी विश्रांती घेतात तर घरी आपण स्वतःवर सक्ती का करावी? एका रात्री एक अंक पुरे.

तर आतापर्यंतचं एकत्र धरायचं तर: आवाज आधी नीट करा, कथानक आधी वाचा, रेसिटेटिव्हमध्ये घटना पकडा, एरियात घटनेची वाट बघू नका, मधल्या भागाकडे दुर्लक्ष करू नका, आणि परतीला शब्द सोडून गाणाऱ्याच्या श्वासाकडे आणि ऐकणाऱ्या पात्राकडे बघा.

यात तुमच्या आवडीवर अवलंबून असलेला भाग आहेच. ज्यांना ठुमरीपेक्षा ध्रुपद जवळचं वाटतं त्यांना मॅकव्हिकरची ही गजबज जास्त होऊ शकते. तसं झालं तर ऑपेरा सोडू नका, प्रयोग बदला. १९८४ साली इंग्लिश नॅशनल ऑपेराच्या प्रयोगावरून जॅनेट बेकरचा सीझर चित्रित झाला, तो इंग्रजीत गायलेला आहे आणि बराच शांत आहे. २००५ मध्येच कोपनहेगनला झालेल्या प्रयोगात सीझर आंद्रेयास शोल हा काउंटरटेनर गायलाय. पुरुषाच्या गळ्यातून ही पट्टी कशी वाटते ते त्यात ऐका.

पण माझ्यासारख्या माणसाला सर्वात जास्त शिकवणारी जोडी वेगळीच आहे. मॅकव्हिकरचा हाच प्रयोग २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला आणि २७ एप्रिलला तिथून चित्रपटगृहांत थेट दाखवला गेला. सीझर डेव्हिड डॅनियल्स, क्लिओपात्रा नाताली देसे, वादकवृंदापुढे ग्लाइंडबोर्नच्या विल्यम क्रिस्टीऐवजी हॅरी बिकेट. कोर्नेलिया तीच बार्डन आणि तोलोमेओ तोच क्रिस्टोफ द्युमो. नाट्यगृह तिप्पट मोठं, कट थेट प्रक्षेपणात दिलेले. मेटच्या ऑन-डिमांड सेवेवर ते बघता येतं. मुंबईत एनसीपीए हे कलाकेंद्र मेटचे प्रयोग पडद्यावर दाखवत आलंय, तेव्हा मोठ्या पडद्यावर ऑपेरा कसा वाटतो तेही एकदा अनुभवून या. दोन्हींतली एकच एरिया लागोपाठ लावा. नेपथ्य तेच, कपडे तेच, आणि कॅमेरा दुसरीकडे उभा असला की पात्राचा स्वभाव कसा बदलतो ते डोळ्यांनी दिसेल.

पुन्हा सुरुवात करताना पहिल्या अंकापासून जाऊ नका. थेट दुसरा अंक लावा, 'व्ह आदोरो पुपिल्ले'. सीझर मधेच बोलून जातो ती जागा येईपर्यंत रिमोटला हात लावू नका. त्यानंतर पहिल्या अंकात मागे येऊन सीझर पाँपेच्या अस्थिकलशापुढे एकटा उभा राहतो तो तुकडा बघा, 'आल्मा देल ग्रान पोम्पेओ'. त्यात काहीच परत येत नाही. शत्रूची राख समोर ठेवून एक माणूस विचार करतोय की काल जग ज्याच्यापुढे वाकत होतं तो आज एका भांड्यात मावला. दोन-तीन मिनिटांचं आहे. एवढं झालं की मला कळवा, त्या तुकड्यात तुम्हाला चेहरा जवळून हवा होता की दूरवरून तो एकटा माणूस.